टँकर कमी करायचा असेल तर आधी फ्लशची टाकी उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलुंडला १९९४ सालची सात मजली इमारत, २८ घरं. एप्रिल-मे आला की आठवड्याला तीन-तीन टँकर मागवावे लागतात. सोसायटीने जिन्यात ‘पाणी जपून वापरा’ असा फलक लावलाय. विचारणाऱ्यांच्या घरात चार माणसं. आंघोळ बादलीने, गाडी नाही, बाग नाही. मग आणखी वाचवायचं कुठून? नळाला लावायच्या जाळ्या, नवा फ्लश, नवं वॉशिंग मशीन, यातलं काय घ्यावं? भांड्यांना येणाऱ्या मावशींना किती आणि काय सांगायचं? आणि स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्राचं काय करायचं?

फलक लावून पाणी वाचल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. प्लंबिंगची कामं आणि सोसायट्यांच्या पाण्याचे हिशेब करण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. माणसं दिसणारं पाणी जपतात, न दिसणारं त्यांच्या हातून जातं. बादलीतलं पाणी दिसतं. फ्लशच्या टाकीतलं, गच्चीवरून वाहून जाणारं आणि आर.ओ.च्या बारीक नळीतून सिंकमध्ये उतरणारं दिसत नाही. तुमच्या घरात आंघोळीचं पाणी कमी करून मिळण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा तो विषय सोडून द्या आणि संडासात चला.

आधी हिशेब मांडू. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागतं असं धरून आपल्याकडे पाण्याच्या योजना आखल्या जातात. चार माणसांचे झाले ५४० लिटर. १९९४ची इमारत म्हणजे बहुतेक घरांत फ्लशची जुनी टाकी असणार, एका दाबात दहा लिटर आणि कधी त्याहून जास्त सोडणारी. माणूस दिवसातून पाच वेळा फ्लश करतो असं धरलं तर चौघांचे २०० लिटर इथेच गेले. स्वयंपाक, पिणं, भांडी, कपडे हे सगळं उरलेल्यात बसवायचं. आता दोन बटणांची टाकी घ्या. तिचं मोठं बटण सहा लिटर सोडतं आणि छोटं तीन. दिवसातून एकदा मोठं आणि चारदा छोटं दाबलं तर माणशी १८ लिटर, म्हणजे चौघांचे ७२. एका घरात रोज १२८ लिटर वाचले, तेही योग्य बटण दाबण्यापलीकडे कुणाची कुठलीही सवय न बदलता. तेवढंच २८ घरांत झालं तर रोजचे साडेतीन हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर तिसऱ्या दिवशीचा एक टँकर गेला. तुमच्या आठवड्याच्या तीन टँकरांपैकी जवळजवळ अडीच, तेही नुसत्या फ्लशमधून.

पण लगेच नवी टाकी आणायला धावू नका. आहे ती गळत नाही ना, हे आज रात्रीच बघून घ्या. कपड्यांची नीळ घरात असेलच. सगळे झोपायला गेले की फ्लशच्या टाकीत नीळेचे आठ-दहा थेंब टाका आणि सकाळपर्यंत कुणी फ्लश करायचा नाही असं सांगून ठेवा. सकाळी संडासाच्या भांड्यातलं पाणी निळसर दिसलं तर टाकी गळते आहे. याचा आवाज होत नाही, धारही दिसत नाही. भांड्याच्या आतल्या बाजूने पाण्याचा पातळसा पडदा उतरत असतो, इतकंच. मिनिटाला एक छोटा कप, म्हणजे १०० मिलिलिटर गळलं, तर दिवसाचे १४४ लिटर होतात. एका अख्ख्या माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त. घरात पाचवा माणूस राहतोय आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही, असं समजा.

कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. तळाचं रबर कडक होऊन वाकतं आणि भोक नीट बंद होत नाही. नाहीतर फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, वर चढलेला असतो, त्यामुळे टाकी भरल्यावरही पाणी येतच राहतं आणि मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली उतरतं. पहिल्याला शे-दीडशे रुपयांचं रबर लागतं. दुसऱ्याला काहीच लागत नाही. फ्लोटचा स्क्रू फिरवून पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली आणायची. प्लंबर बोलवायचीही गरज नाही, पण बोलावलात तर त्याने नवी टाकी गळ्यात मारायच्या आत ही दोन कामं करून घ्या.

जुनी टाकी न गळणारी आणि दणकट असेल आणि खर्च करायचा नसेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली झाकण घट्ट लावून टाकीत उभी करा. प्रत्येक फ्लशमागे लिटरभर वाचेल. वीट ठेवू नका, तिचा चुरा होऊन रबराखाली अडकतो आणि जी गळती नव्हती ती सुरू होते. दोन-तीन बाटल्या कोंबायच्याही नाहीत. जुनं भांडं जास्त पाण्याच्या हिशेबाने घडवलेलं असतं. पाणी फार कमी केलं की एका फ्लशमध्ये काम होत नाही, माणूस दोनदा दाबतो आणि होतं त्यापेक्षा जास्त जातं. नवी दोन बटणांची प्लास्टिकची टाकी साधारण दीड-दोन हजारांत येते, लावणावळ वेगळी. दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात गेलात तर भावात थोडा फरक पडेल, पण एका टाकीसाठी मुलुंडहून तिथे जाण्यात अर्थ नाही. सगळ्या इमारतीसाठी एकदम घेणार असाल तर जरूर जा. टाकी भिंतीत पुरलेली असेल तर टाइल्स फोडत बसू नका, आतली यंत्रणा बटणाच्या पाट्यामागून बदलता येते. आणि टाकीच नसेल, भिंतीतला व्हॉल्व्ह दाबून पाणी सोडायचं असेल, तर त्या व्हॉल्व्हला पाणी कमी-जास्त करणारा स्क्रू असतो. तो कधीच कुणी फिरवलेला नसतो.

हल्ली पुष्कळ घरांत दोन बटणं आहेत, पण कुठलं कशासाठी हे पाहुण्यांनाच काय, घरच्यांनाही माहीत नसतं. पुष्कळ जण दोन्ही एकदम दाबतात. छोट्या बटणावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि घरात सगळ्यांना एकदा सांगून टाका.

आता नळांकडे वळू. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता ते लिहिलं नाही, आणि इथे त्याने फार फरक पडतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं, त्यामुळे जितकं खाली तितका दाब जास्त. सातव्या मजल्याच्या नळावर पाण्याची उंची चार-पाच मीटर असेल तर दुसऱ्या मजल्यावर ती वीसच्या आसपास जाते. दाब चौपट झाला की तोच नळ तितकाच उघडल्यावर जवळपास दुप्पट पाणी सोडतो. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सातव्या मजल्यावरच्या वहिनींइतकाच वेळ हात धुतात आणि दुप्पट पाणी वापरतात. यात त्यांचा काय दोष?

लिटरची बाटली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या. नळ नेहमीसारखा उघडा आणि बाटली किती सेकंदांत भरते ते बघा. पाच सेकंद म्हणजे मिनिटाला १२ लिटर, दहा सेकंद म्हणजे ६. बेसिनच्या नळाला सहाच्या वर गरज नाही. सिंकच्या नळाला सहा-सात पुरतात. जास्त येत असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळाला जाणारं पाणी कमी-जास्त करणारी छोटी तोटी, थोडा बंद करा, झालं. एक पैसा खर्च नाही. खालच्या मजल्यांवर मी पहिल्यांदा हेच करतो आणि लोकांना वाटतं प्लंबरने काही केलंच नाही. फक्त एक सांभाळा. गॅस गिझर असेल तर त्याच्या लाइनचा कॉक आवळू नका. पाण्याचा ओघ ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो पेटत नाही, आणि मग गरम पाण्याची वाट बघत नळ सोडून ठेवण्यात जास्त जातं.

तुम्ही ज्यांना जाळ्या म्हणता त्यांचं दुकानातलं नाव एरेटर. धारेत हवा मिसळते, त्यामुळे पाणी कमी येऊनही हाताला धार भरघोस लागते. शंभर-दोनशे रुपयांत चांगला मिळतो. घ्यायला जाताना नळाच्या तोंडाची जुनी जाळी काढून खिशात घालून न्या, आट्यांची मापं वेगवेगळी असतात आणि दुकानदार अंदाजाने देतो. जुन्या पितळी बिबकॉकला, म्हणजे भिंतीतल्या साध्या नळाला, पुढे आटेच नसतात. तिथे एरेटर बसत नाही, पुढे जाळी बसवूनच येणारा ‘फोम फ्लो’चा नळ घ्यावा लागतो. सातव्या मजल्यावर, जिथे आधीच करंगळीएवढी धार आहे, तिथे एरेटर लावून काहीच मिळत नाही. आणि मुंबईत रस्त्यात लाइनचं काम निघालं की चार दिवस गंज आणि गाळ येतो, तो या जाळीत अडकतो. दोनेक महिन्यांनी काढून लिंबाच्या रसात भिजवून जुन्या टूथब्रशने घासायची. हे केलं नाही तर घरातलं कुणीतरी वैतागून जाळीच काढून फेकतं.

ठिबकणाऱ्या नळाबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, तरी आकडा सांगतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर, तुमची एक आंघोळ. जुन्या नळात पाच-दहा रुपयांचा वॉशर बदलला की संपलं. नळ जीव खाऊन आवळू नका, वॉशर त्यानेच कापला जातो.

शॉवरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सोसायटीत बाकीचे विचारतील. बादलीच्या आंघोळीला १५ ते २० लिटर लागतात. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर धरा, आठ मिनिटांची आंघोळ ८० लिटरची. हल्ली छतातून पडणारे ताटाएवढे शॉवर लावतात, त्यांचं विचारूच नका. शॉवर सोडवत नसेल त्यांनी मिनिटाला सहा लिटरवाला घ्यावा आणि साबण लावताना बंद करावा. त्यापलीकडे मी कुणाशी वाद घालत नाही. गिझरचं गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी मात्र बादलीत धरा. गिझर न्हाणीघरात आणि नळ स्वयंपाकघरात असेल तर ते दर वेळी तीन-चार लिटर भरतं.

आता आर.ओ. मुंबईत सगळ्यात अनावश्यक यंत्र कुठलं असं विचारलंत तर मी हेच सांगेन. आर.ओ. हे पाण्यातले विरघळलेले क्षार काढण्यासाठी असतं. आपलं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, ऊर्ध्व आणि मध्य वैतरणा या सात तलावांतलं, पावसाचं साठवलेलं पाणी. त्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचं मिलिग्रॅममधलं प्रमाण, साधारणपणे दोनशेच्या खालीच असतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत स्वीकारार्ह धरतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आर.ओ. नको अशी भूमिका घेतली होती. तरी घरोघरी यंत्र लागलं, कारण विकायला येणारा मुलगा दोन तारा पाण्यात बुडवून ते पिवळं-काळं करून दाखवतो. त्या तारांची धातू पाण्यात उतरते, घाण नसते ती.

साधं आर.ओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी फेकून देतं. चार माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला वीस लिटर लागलं तर चाळीस ते साठ लिटर रोज सिंकमध्ये. एकाने बादलीने आंघोळ करून वाचवलेलं तिथे गेलं. तीन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि नळाखाली धरा. पाचशेच्या आत असेल तर अतिनील किरणांनी जंतू मारणारं यू.व्ही. किंवा बारीक गाळणीतून गाळणारं यू.एफ.चं यंत्र पुरेसं आहे, ते पाणी फेकत नाही. रस्त्यातली जुनी लाइन फुटून पाणी गढूळ आलं तर ते गाळून, उकळून घ्यायचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकरचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असू शकतं. तेव्हा मीटर जानेवारीतही लावा आणि मेमध्येही. मेमध्ये आकडा ५०० च्या वर गेला तर तेवढ्या दिवसांपुरतं आर.ओ. समजू शकतो. तोवर त्याची नळी बादलीत सोडा आणि ते पाणी लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा. महापालिकेचं पाणी असताना फेकलेलं पाणीही झाडांना चालतं, मेमधलं खारं पाणी तुळशीला नको.

एसीचंही तसंच. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. ग्रिलमधून खालच्या मजल्याच्या छपरावर टपटपण्यापेक्षा बादलीत धरा. ते प्यायचं नाही. लादी आणि झाडांना उत्तम.

नवं वॉशिंग मशीन पाणी वाचवण्यासाठी घेऊ नका. वरून कपडे टाकायचं पूर्ण स्वयंचलित मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या पुढे जातं आणि पुढच्या दाराचं साधारण पन्नास-साठमध्ये भागवतं, हे खरं. पण चालतं मशीन भंगारात काढण्याचा हिशेब बसत नाही. जुनं मोडलं की पुढच्या दाराचं घ्या. तोवर मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही आणि शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादल्यांत धरायचं. ते जवळजवळ स्वच्छ असतं. फरशी, संडास, बाल्कनी सगळं त्यात होतं. साबणाचं पाणी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, वास मारतो.

मावशींचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारण्याची तऱ्हा बहुतेक वेळा चुकीची असते. ‘नळ सोडून भांडी घासते’ ही तक्रार खरी आहे. पण त्यांना तुमच्या घरात वीस-पंचवीस मिनिटं असतात आणि पुढे अजून तीन-चार घरं. वेळ वाढवणारी कुठलीही युक्ती त्या पाळणार नाहीत, पाळू शकतही नाहीत. पाण्याची किंमत त्यांना सांगायची तर गरजच नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी पहाटे उठून सार्वजनिक नळावर हंडे भरून तुमच्याकडे आलेल्या असतात. म्हणून त्यांना बोलण्यापेक्षा सिंकजवळची मांडणी बदला. खरकटं काढून भांडी आदल्या रात्री एका टबात भिजत घाला. घासलेली भांडी एकदम ठेवता येतील असा दुसरा टब द्या. नळाला फिरणारं, फवारा मारणारं तोंड बसवा, म्हणजे कढईचा कोपराही एका फिरवणीत धुतला जातो. घासताना नळ बंद, विसळताना चालू, एवढंच सांगा. काम पूर्वीपेक्षा लवकर होतं हे त्यांच्या लक्षात आलं की पुन्हा सांगावं लागत नाही. मासे घरी साफ करत असाल तर मात्र तुम्हालाच सांगतो. खवलं काढताना नळ चालू ठेवायची सवय मोडा, किंवा कोळणीकडूनच साफ करून आणा. पालेभाजी पातेल्यात तीन पाण्यांतून काढा. नळाखाली धरून माती जात नाही, पाणी मात्र जातं.

आणखी एक सवय, खास आपल्याकडची. सकाळी पाणी आलं की कालचं कळशीतलं, पिंपातलं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या घरांत ती अजून आहे, पाणीकपातीच्या दिवसांत तर जास्तच, कारण भीतीपोटी प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं असतं. गंमत म्हणजे नळाला येणारं ‘ताजं’ पाणी शहापूरकडून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राला, भांडुपहून टाकीत, टाकीतून तुमच्या गच्चीवर असा प्रवास करूनच आलेलं असतं. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेल्या पाण्याला एका दिवसात काही होत नाही. ते ओतायचंच असेल तर लादीवर ओता. पिंप मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायचंच. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. आतल्या कडेला अंडी चिकटलेली असतात, म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही.

घरातलं झालं. आता खरी मेख सांगतो. तुमच्या इमारतीला मीटर एकच आहे. २८ घरांचं बिल एकत्र येतं आणि देखभाल खर्चात वाटलं जातं. मग एकाने वाचवलेलं त्याच्या खिशात जात नाही आणि दुसऱ्याने उधळलेलं त्याला दिसत नाही. सभेत हटकून कुणीतरी म्हणतं, प्रत्येक घराला मीटर बसवा. नव्या टॉवरमध्ये ते सोपं आहे. तुमच्या काळच्या इमारतीत एका घराला स्वयंपाकघरासाठी वेगळी, संडासासाठी वेगळी आणि न्हाणीघरासाठी वेगळी उभी लाइन असते, म्हणजे एका घराला तीन-तीन मीटर. त्या वादात एक वर्ष घालवू नका.

त्याऐवजी एका महिन्याचा हिशेब काढा. पहिल्या तारखेला मुख्य मीटरचं रीडिंग, शेवटच्या तारखेला पुन्हा, त्यात टँकरचं पाणी मिळवा, आणि राहणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. समजा ११० माणसं आहेत. १३५ च्या हिशेबाने रोज १४,८५० लिटर लागायला हवेत. आकडा २०-२२ हजारांवर गेला, तर ते पाणी कुणाच्या बादलीत नाही, कुठेतरी वाहून जातंय. महापालिकेच्या बिलातही माणशी दीडशे लिटरच्या पुढे गेलं की दर पायरीपायरीने चढतो. ही पायरी बहुतेक सोसायट्यांना माहीत नसते. मूळ दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे, म्हणून बिलाकडे कुणी बघत नाही, आणि टँकरला हजारो रुपये मोजताना मात्र सभा तापते.

पाणी जातं कुठे? पहिला संशय गच्चीवरच्या टाकीचा. पंप लावून वॉचमन गेटवर जातो, कुणाची गाडी येते, कुणाचं कुरिअर येतं, आणि वर टाकी भरून वाहू लागते. पंप मिनिटाला शंभर लिटर चढवत असेल तर पंधरा मिनिटांत दीड हजार लिटर गटारात, वर विजेचं बिल. याला आपोआप बंद होणारा लेव्हल कंट्रोलर लावा. काही हजारांत होतो. तोही कधीतरी बिघडतोच, म्हणून माझा एक गावठी उपाय आहे. ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड मागच्या गल्लीत उतरवलेलं असतं, ते पुढे वळवून वॉचमनच्या खुर्चीजवळ आणायचं. टाकी वाहायला लागली की पाणी त्याच्या पायावर. मग विसरत नाही कुणी.

दुसरा संशय खालच्या सक्शन टाकीचा, म्हणजे महापालिकेचं पाणी आधी जिथे साठतं त्या जमिनीखालच्या टाकीचा. तीस वर्षांच्या टाकीला बारीक तडे असू शकतात, आणि जमिनीखाली काही कळत नाही. रात्री पंप बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, टाकीत काठी सोडून पाण्याची खूण करा. सकाळी पुन्हा बघा. टाकी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद असेल तर एक सेंटीमीटर उतरलं म्हणजे १२० लिटर गेले. पाच सेंटीमीटर उतरलं तर ६०० लिटर एका रात्रीत. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलवा. तडा असेल तिथून बाहेरचं, कधी ड्रेनेजचंही पाणी आत येतं, तेव्हा हा नुसता बचतीचा प्रश्न नाही. याच टाकीचा बॉल कॉकही, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा तरंगता नळ, बघा. तो पूर्ण बंद होत नसेल तर महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळात टाकी भरून ओव्हरफ्लो थेट गटारात जातो. ज्या पाण्यावाचून दुपारी टँकर बोलावता, तेच पहाटे वाहून गेलेलं असतं.

पर्जन्यजल संधारणाबद्दल सभेत कुणीतरी उत्साहाने बोलेल. आकडा मोहात पाडणारा आहे. मुंबईत पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर चार लाख लिटरच्या पुढे. पण तो पडतो जून ते सप्टेंबर आणि तुम्हाला पाणी हवंय मेमध्ये. आठ महिने साठवायला जागा कुठे आहे? तुमच्या आवारात जुनी विहीर किंवा बोअर असेल तर गच्चीचं पाणी गाळून त्यात सोडा. आवाराखालचा खडक पाणी मुरू देत असेल तर त्याचा फायदा होतो. नसेल तर पावसाळ्यात गच्चीचं पाणी फ्लशच्या वेगळ्या टाकीत घेता येतं. पण चार महिन्यांसाठी सगळी पाइपलाइन वेगळी करायचा खर्च जुन्या इमारतीला झेपत नाही, निदान मी तरी तो सल्ला देत नाही.

२०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली, एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी काही दिवस संप केला. दोन्ही वेळा धावपळ उडाली ती टँकरवर विसंबलेल्या इमारतींची. मुलुंड-भांडुपकर तर शुद्धीकरण केंद्राच्या दाराशी राहतात, तरी तुम्हालाही टँकर लागतो. आणि ज्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचं पाणी आपल्याकडे येतं, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरनेच पाणी पुरवावं लागतं. सभेत कुणी ‘आपण बिल भरतो, मग वापरू हवं तसं’ म्हणालं तर हे एकदा सांगून ठेवा.

खर्चाचा क्रम विचारलात तर असा: या आठवड्यात नीळेची चाचणी, अँगल कॉक, वॉशर, यात पाचशे रुपयांच्या आत सगळं बसतं. या महिन्यात टीडीएस मोजून आर.ओ.चा निर्णय आणि दोन एरेटर. मार्चच्या आधी दोन बटणांची टाकी, आणि ती एकट्याच्या घरात लावण्यापेक्षा सोसायटीने २८ एकदम घेतल्या तर भावही पडतो आणि एकच प्लंबर चार दिवसांत काम उरकतो. वरखर्चाचा एक आकडा धरून ठेवा. टाकी बदलताना तिला पाणी देणारा जुना अँगल कॉक आणि जोडनळी तशीच ठेवायचा मोह होतो. तीस वर्षांचा कॉक एकदा फिरवला की पुन्हा नीट बंद होत नाही. तो त्याच वेळी बदला, नाहीतर महिनाभरात त्याच प्लंबरला पुन्हा बोलवाल.